बोर्डाची मागची बाजू

४ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मीही आता लहान राहिलेलो नाही. रंगाचे डबे धुण्यापासून सुरुवात केली, आज दारावर माझ्या नावाची पाटी आहे.

मोठं काम हाताशी आलंय. आरोग्य खातं धूम्रपानबंदीचे चाळीस बोर्ड लावणार. हाताने रंगवलेले, कारण फ्लेक्स उन्हात विटतो असं खात्याच्या मॅडमचं मत. देव त्यांचं भलं करो. पण आधी बस स्टँडवर एकच बोर्ड लावून बघायचं, की असल्या जाहिरातीचा काही उपयोग होतो का. परीक्षा दोन आठवड्यांची. झाडूवाल्या मावशी रोज त्या जागेवरची थोटकं पिशवीत भरणार. थोटकं घटली तर चाळीस बोर्ड माझे. नाहीतर मोहीम बंद.

पेंटरना म्हटलं, निर्धास्त राहा. चौघांपैकी तेवढेच उरलेत. बाकीचे तिघे फ्लेक्सने खाल्ले. बावीस वर्षं माझ्याकडे आहेत. हे काम गेलं तर त्यांनाही जावं लागेल, हे मी बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही. "बरं मालक," एवढंच म्हणाले.

ता. क. मी स्वतः सिगारेट सोडली आहे. चार महिने झाले. घरी सौ.ला तसं सांगितलंय. टेन्शनची एखादी होते, ती धरत नाही.

६ फेब्रुवारी
साडेसहालाच स्टँड गाठला. मावशी यायच्या आत थोटकं वेचली. दोन्ही खिसे भरले. याला म्हणतात दूरदृष्टी.

९ फेब्रुवारी
आजही वेचली. कंबर गेली. पण जागा आरशासारखी. टेन्शन नाही, तरी एक ओढली. आनंदाची. तीही धरत नाही.

११ फेब्रुवारी, दुपारी
घात झाला.

बोर्ड आज लागला. मॅडम म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात बोर्ड नव्हता तेव्हा एकतीस थोटकं मिळाली, आम्हाला शंभरेक वाटली होती. आता याहून कमी यायला हवीत.

म्हणजे पहिला आठवडा नुसता तुलनेसाठी होता, आणि मीच वेचून तो आकडा खाली आणला! मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. माझे कान तिखट आहेत, दोन दुकानांपलीकडचं भांडण मला शब्दन् शब्द ऐकू येतं. पण तेव्हा मनात चाळीस बोर्ड नाचत होते.

तीन ओढल्या. लागोपाठ.

१२ फेब्रुवारी
वेचायला गेलो तर मावशी आधीच हजर. "काय हरवलंय का साहेब? रोज वाकून बघता." म्हटलं, चष्म्याचा स्क्रू.

नवा निश्चय : वेचणं बंद, पहारा चालू. सकाळी सात ते संध्याकाळी सात बोर्डापाशी मी स्वतः.

१३ फेब्रुवारी
पहारा. लोक काय काय बोलतात! एक जण म्हणाला, विकायला परवानगी आणि ओढायला बंदी, सरकारला दुसरे धंदे नाहीत. त्याचा मित्र म्हणाला, अक्षर मात्र झकास आहे हो. आणि हातातली न पेटवता परत पाकिटात ठेवली! माझ्या डोळ्यांदेखत! जाहिरातीला अर्थ नाही म्हणणाऱ्यांनी इथे येऊन उभं राहावं.

टेन्शन फार. बोर्डासमोर ओढणं बरं दिसत नाही, म्हणून मागच्या बाजूला जातो. मागे नुसता पत्रा आहे, एक अक्षर नाही. म्हणजे तिथे बंदीही नाही. पेंटर डबा घेऊन आले होते. धुराने ठसकले. त्यांना उदबत्तीसुद्धा सोसत नाही. डबा ठेवून लांब जाऊन उभे राहिले.

१५ फेब्रुवारी
सहा जणांना पिटाळलं. एकाने शिव्या दिल्या, मी हसून ऐकल्या. मागे आठ वेळा जाऊन आलो. उद्यापासून चार.

१६ फेब्रुवारी
नऊ. पण लहान लहान झुरके.

१८ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. पुढची जागा चकचकीत. पेंटरना म्हटलं, काम आपलंच. नवे ब्रश आणा. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "नक्की ना मालक? घरी सांगू?" म्हटलं, बिनधास्त सांगा.

१९ फेब्रुवारी
मॅडमच्या ऑफिसात. पेंटर बरोबर, धुतलेला शर्ट घालून. टेबलावर दोन पिशव्या.

मॅडम म्हणाल्या, एकूण चौपन्न. वाढली.

मग म्हणाल्या, पण गंमत बघा. बोर्डाच्या पुढची फक्त अकरा. मागची त्रेचाळीस, आणि सगळी एकाच ब्रँडची. हा कुणी एकच महाभाग आहे. तो कोण ते कळलं तर त्याची वजा करता येतील. मग जाहिरातीचा उपयोग झाला असं मी लिहीन. नाहीतर चौपन्न म्हणजे चौपन्न.

एक शब्द बोलायचा होता. मी बोलणारच होतो. पण घसा साफ करावा लागतो, मॅडम बाईमाणूस, काही वाक्यरचना लागते. शिवाय ज्याने बोर्ड बनवला तोच, हे कसं दिसेल? उद्या फोन करून सांगावं, असं ठरवत होतो.

तेवढ्यात पेंटर म्हणाले, "माझी आहेत."

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. मग कागदावर काहीतरी वजा केलं. मला म्हणाल्या, चाळीस बोर्ड मंजूर. पण हा माणूस या कामावर नको. रंगवणाराच ओढतो असं पेपरात आलं तर आमची अब्रू जाईल.

मी म्हटलं, "बरं."

२० फेब्रुवारी
पेंटर नेहमीच्या वेळी आले. ब्रश घासलेटात धुतले, पुसले, फडक्यात गुंडाळले. म्हटलं, दोन-तीन महिन्यांत मॅडम विसरतील, मग परत या. "बरं मालक." म्हटलं, तुम्ही असं का म्हणालात पण? म्हणाले, "तुम्ही काही बोलेनात. काम तर यायला हवं होतं."

वास्तविक मी दुसऱ्या दिवशी फोन करणार होतो. थोडी घाईच केली त्यांनी.

आजपासून सिगारेट बंद. दुपारपासून.

२१ फेब्रुवारी
सौ.ने विचारलं, पेंटर का गेले? म्हटलं, काय करणार, सिगारेट फार ओढायचे.

"कोण? पेंटर?" म्हणून ती खो खो हसली.

मग हसायची थांबली, आणि माझ्याकडे बघत राहिली.