कलमाभोवतीची वई

आबा, यंदा पौष आला तरी थंडीचा पत्ता नाही. उन्हं वर आली की अंगाला घाम फुटतो. परसातल्या तुमच्या कलमाला मोहराऐवजी तांबडी पालवी फुटलीय. शेजारच्या रायवळाचं तेच, खालच्या वाडीतल्या आंब्यांचंही तेच. तरी तुम्ही असतात तर आधी माझ्याकडेच बघितलं असतंत. त्याच रागाने लिहायला बसलेय.

मी नववीत होते त्या वर्षीही अशीच थंडी पडली नव्हती. गोधड्या माळ्यावरून खाली आल्याच नाहीत. कलम तुम्ही एसटीच्या टपावरून आणलेलं, कबूल. पण विहिरीवरून कळश्या भरभरून त्याला पाणी कोणी घातलं? आळं कोणी केलं, शेणखत कोणी घातलं? मीच ना? तेव्हा माझे हात चालले. मोहर आला नाही तेव्हा मात्र तुम्ही ओटीवरून आईला विचारलंत, "पोरगी बाजूला बसलेली तेव्हा कलमाखाली गेली होती काय?" मीच म्हटलं, "गेले होते. वाळत घातलेला परकर उडाला होता, तो आणायला." "झालं! वाटोळं केलंस गो झाडाचं!" शेजारचे काका चहा पीत बसलेले, त्यांच्यादेखत बोललात. अहो, साऱ्या वाडीचे आंबे त्या साली कोरडे राहिले होते! त्या सगळ्यांखाली काय मी फिरून आले होते?

दुसऱ्या दिवशी तुम्ही करवंदीचे काटे तोडून आणलेत आणि कलमाभोवती वई घातलीत. काकांनी विचारलं, "गुरं शिरतात काय रं?" तुम्ही म्हणालात, "गुरं नायत, पोरगी हाय घरात." आणि दोघंही हसलात. मी आत चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. ते हसणं आठवलं की अजून हात शिवशिवतात, आबा.

पुढच्या साली कडाक्याची थंडी पडली आणि कलम मोहराने वाकलं. तुम्ही वाडीभर सांगत सुटलात, "वई घातली नि बघा!" पहिला आंबा पिकला, तो देवापुढे ठेवून तुम्ही स्वतः कापलात आणि बाठा माझ्या हातात दिलात. "खा गो, तुला आवडतो ना." आवडायचाच मला. कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर चोखला, आणि तुम्ही कौतुकाने बघत बसलात. याचाच जास्त राग येतो. तुम्ही वाईट बाप असतात तर तुमचं बोलणं मी कधीच झटकून टाकलं असतं.

नाताळची सुट्टी लागली म्हणून महाडहून लेकीला घेऊन आईकडे आलेय. तेरावं लागलंय तिला. आल्या दिवशीच न्हाणीतून बाहेर आली आणि आजीला सांगून मोकळी झाली, "आजी, माझे पिरियड्स चालू झालेत, पोट दुखतंय." आईने आवाज खाली आणला. "मग कलमाकडं जाव नको हां, बाय."

"का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. माझं डोकंच फिरलं. "जा," मी ओरडले, "जा आणि चढून बस त्याच्यावर!" पोरगी खरंच गेली. तुमची वई कधीच कुजून गेलीय. खालच्या फांदीवर बसून पाय हलवत ती मोबाइल बघत राहिली. आई पुटपुटली, "ते असते तर..." "नाहीत ना!" मी म्हटलं. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्या दिवसापासून रोज सकाळी दात घासत मी परसात जाते आणि वर बघते. पालवीच. थंडी पडली नाही की मोहर धरत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मी तर शाळेत विज्ञान शिकवते. पण ती तांबडी पानं दिसली की मला आधी थंडी आठवत नाही. फांदीवरून लोंबणारे पोरीचे पाय आठवतात. हे तिला कळता कामा नये, म्हणून हा कागद न्हाणीच्या चुलीत घालणार आहे.