मागून हाक

॥ श्री ॥
छत्रीबाग, इंदूर
१० नोव्हेंबर

चि. शंतनु यास रघुवीरमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ताईला, म्हणजे तुझ्या आईला, आता फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. फार थकली आहे. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. ती म्हणते, तो दोन देशांच्या व्यापाराचं बोलतोय, त्याला मधेच उठवू नका. तिला न विचारता लिहितो: जमलं तर ये.

शंतनु तिकडे नेमकं करतो काय, असं काल तिने विचारलं. मी म्हणालो, आपला माल तिकडे आणि त्यांचा इकडे कमी जकातीत जावा म्हणून घासाघीस. तर म्हणाली, ती मीच शिकवली त्याला. मंडीत भाव पटला नाही की सरळ चालू लागायचं. मागून 'आ जाओ बहनजी' येतंच. साहेबांना सांग म्हणे, गुरू इंदूरला आहे.

कामात असलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

रघुवीरमामा


भारतीय दूतावास
१८ नोव्हेंबर

ती. मामांना शि. सा. न.

पत्र मिळालं. शेवटची फेरी आहे. दूध आणि मोटारींवर अडलंय. आत्ता निघता येत नाही, महिनाअखेर येतो. आईला मोठ्याने वाचून दाखवा: परवा आम्ही कागद आवरून उठलो, दारापर्यंत गेलो, आणि त्यांनी मागून हाक मारली. तिचाच डाव.

माझ्या वाटचा चिवडा अनुश्रीने महूला नेला असणार. बहीण आहे म्हणून सोडतो.

माया असू द्यावी.

शंतनु


छत्रीबाग, इंदूर
१ डिसेंबर

चि. शंतनु यास आशीर्वाद.

ताई गेल्याचं कळवलं तेव्हा तू फोनवर 'बरं' म्हणालास, आणि मग 'तुम्हीच करा'. मलाही रडू आलं नाही. अग्नी अनुश्रीने दिला.

तुझं पत्र दहाव्याच्या सकाळी पोचलं. नदीकाठी कावळा पिंडाला शिवेना. अनुश्री म्हणाली, घर मी बघेन. मी म्हणालो, शंतनु येईल. तरी शिवेना. शेजारच्या सुधाकरभियांनी पेपरातलं सांगितलं, चर्चेत समाधानकारक प्रगती. कावळ्याने मान फिरवली. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा मी खिशातून तुझं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. 'मागून हाक मारली' इथवर आलो आणि तो खाली उतरला.

तू का आला नाहीस ते तिला समजलं, असं मी धरून चालतो. देवाची इच्छा.

आता माणसं कमी उरली. पत्र टाकत जा.

रघुवीरमामा


भारतीय दूतावास
१२ डिसेंबर

ती. मामांना शि. सा. न.

त्यांनी हाक मारली नव्हती. आम्ही दाराबाहेर पडलो, जिना उतरलो, ऑफिसात परतलो. आईला बरं वाटावं म्हणून तसं लिहिलं.

काल खरंच बोलावणं आलं. दूध बाजूला ठेवलं, मोटारींचं मिटलं. सगळे हात मिळवत होते, मीही मिळवले. बाहेर येऊन प्रत्येकाने घरी फोन लावला. मी कागद घेतला आणि सवयीने वर 'ती. आईस' लिहिलं. तो तसाच ठेवून हा दुसरा घेतला.

अठरा तारखेला निघतो. माया असू द्यावी. हे पत्र मोठ्याने वाचू नका.

शंतनु