दोन वाजताची नोंद

आबा,

घरी मी तुम्हाला अरेतुरे करायचे. कागदावर ते जमत नाही, म्हणून ‘तुम्ही’. आधी वस्तुस्थिती मांडते, क्रमाने. बाकीचे नंतर, जागा उरली तर.

सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी विज्ञान माहितीपटांचा एक महोत्सव यंदा आपल्या भागात झाला. पहिला दिवस पेणला, दुसरा रोह्याला. निवड समितीची अध्यक्ष मी होते. आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माहितीपट मी नाकारले. एक तर केवळ यासाठी, की त्यात ‘उष्णता’ आणि ‘तापमान’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले होते. स्वीकारलेल्यांपैकी एक, रासायनिक अभिक्रिया हाताबाहेर कशी जाते हे समजावणारा होता. त्यात धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका जुन्या स्फोटाचा दाखला होता, कंपनीचे नाव न घेता. महोत्सवाच्या पंधरा दिवस आधी मी तो घरी एकटीने पाहिला. अर्ध्यावर आल्यानंतर पडद्यावर एक लॉगशीट आली. रिॲक्टरचे, म्हणजे अभिक्रिया घडवायच्या बंद भांड्याचे, तापमान दर तासाला पाहून ऑपरेटरने ज्यावर लिहायचे, तो कागद. त्याच्या कडा जळालेल्या होत्या. हस्ताक्षर तुमचे होते. सातच्या आकड्याखाली बारीक आडवी रेघ ओढायची तुमची खोड मी कुठेही ओळखेन. मी चित्र थांबवले. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंतच्या सर्व नोंदी पूर्ण होत्या. सगळीकडे बहात्तर, मध्येच एकदा एकाहत्तर. रिॲक्टर फुटला तो एक वाजून दहा मिनिटांनी. त्यात भाजून तुम्ही नवव्या दिवशी गेलात. दोन वाजता आणि तीन वाजता त्या जागी रिॲक्टरच नव्हता, आबा, आणि तुमच्या अक्षरात त्याचे तापमान बहात्तर होते.

ते दृश्य माहितीपटातून वगळावे, असा लेखी आक्षेप मी त्याच संध्याकाळी समितीच्या अर्जावर नोंदवला. दिग्दर्शकाने फारशी खळखळ न करता ते काढून टाकले.

आता रामवाडीच्या आपल्या घराचे स्वयंपाकघर. मी बारावीत आहे, चुलीशेजारच्या पाटावर रसायनशास्त्राचे जर्नल पूर्ण करते आहे. ब्युरेटची, त्या मापनळीची, तीन रीडिंग्ज लागतात, मी दोनच घेतली आहेत. तिसरे मी पहिल्या दोनांकडे बघून लिहून टाकते. तुम्ही नुकतेच कंपनीच्या बसमधून उतरून आला आहात. त्या वर्षी तुम्ही नायट्रो रसायनांच्या प्लांटवर होतात, तळहात हळद लावल्यासारखे पिवळे, आणि आईने तुमची ताटली वेगळी ठेवलेली, कारण भाकरीलाही तो रंग लागायचा. तुम्ही सातवी पास. जर्नलमधले इंग्रजी तुम्हाला कळत नव्हते, पण माझा हात कळला. “ह्यो आकडा कुटं बघितलास गो?” मी पानावर हात ठेवला. तुम्ही ते पान फाडले, चुलीत टाकले, आणि म्हणालात, “काटा बघितल्याबिगर आकडा लिवायचा नाय. कंदीच नाय.” दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभे राहून, मी खोटे लिहिले होते हे मला सांगायला लावलेत. आठवड्याने कंपनीच्या भंगारातून एक काचेचा थर्मामीटर आणून दिलात, लाकडी पेटीसकट. “एक डिग्री जास्त दाखवतोय. दर वेळी वजा करायची.” पुढचे सगळे शिक्षण मी काटा बघण्याच्या त्या एका वाक्यावर केले. पदव्या मिळवल्या, त्याही त्याच वाक्यावर. माझ्या एका विद्यार्थिनीने शेवटच्या काही नोंदी अंदाजाने भरल्या होत्या. मी तिचा प्रबंध परत पाठवला. ती माझ्या खोलीत रडत उभी होती, आणि मी तिला तुमचे वाक्य प्रमाण मराठीत ऐकवले. ती पुन्हा विद्यापीठात आली नाही. त्याबद्दल मला कधी अपराधी वाटले नव्हते.

पेणच्या कार्यक्रमाला शाळेचा हॉल भरला होता. गणपतीच्या कारखान्यांतल्या बायका काम उरकून आल्या होत्या, नखांत रंग तसाच. कापलेल्या जागी दिग्दर्शकाने कारखान्याची एक कोरी भिंत बसवली होती, मात्र निवेदन बदलायला तो विसरला होता. अशी ढिलाई मी एरवी खपवून घेतली नसती. चर्चेच्या वेळी मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. “म्याडम, ती पडद्यातली बाय बोलली, हा कागद पाहा, आन् दाखवली भिंत! कागद खाल्ला कुनी?” सगळा हॉल हसला. मी म्हणाले, “तांत्रिक कारणाने ते दृश्य वगळले आहे.” त्या बसता बसता शेजारणीला म्हणाल्या, माइकशिवायही ऐकू येईल अशा आवाजात, “मूर्तीला तडा गेला का आमचा शेठ बी गिऱ्हाईकाला ह्येच सांगतो.” पुन्हा हशा. मी पाणी प्यायले. मग पुढचा प्रश्न मागितला.

रोह्याला पहिल्या शिफ्टची माणसे थेट धाटावहून आली होती, मांडीवर हेल्मेट घेऊन बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तुमच्याबरोबर काम केलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी आले. डावा कान जळून आक्रसलेला. “तू त्याची पोर ना गो? नाक तसंच हाय.” मी चहा मागवला आणि आडवळण न घेता विचारले, की लॉगशीट आधीच भरून ठेवत असत का. ते खळखळून हसले. “आधी? अगो, जेवायला बसायच्या आधीच तीनपरत्यंतचं भरून मोकळं! शिफ्ट सुटल्यावर बस काय आपल्यासाठी थांबते? आन् मशीन रोज एकच बोलतंय, बहात्तर.” मी म्हणाले, “आबा नसतील भरत.” त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “त्यानंच शिकवलं मला. पयल्या दिवशी. बोलला, सगळीकडं बहात्तर लिवलंस तर सायबाला संशय येल. मधी एक एकाहत्तर टाक.”

ते एकाहत्तर मी पडद्यावर पाहिले होते. ती एकच नोंद मला खरी वाटली होती.

मी आणखी एक चहा सांगितला. मग विचारले, त्या दिवशी ते वर, रिॲक्टरपाशी, गेले कशाला? आकडा तर लिहून झाला होता. म्हातारबुवांनी कप खाली ठेवला. “त्येच तर आजून कळलं नाय बघ. आम्ही डबा खात होतो. त्यानं हातातली भाकरी ठेवली, उठला. बोलला, ‘बघून येतो.’ मी बोललो, आता काय बघतोस रं, लिवलंस ना? हात बी नाय धुतला. गेला.” आवाज आला होता का, वास आला होता का, हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारले. त्यांना काहीच जाणवले नव्हते. “आम्हाला तर कायच नाय. बाकीचे आम्ही बसूनच होतो,” ते म्हणाले, आणि त्या आक्रसलेल्या कानाला हात लावला.

शीतकरणाचे पाणी बंद पडले असणार. त्या क्षणी आत किती तापमान असेल, हे मी गणिताने काढू शकते; काढलेही आहे. पण ते पाहिलेले नव्हे, आणि मी ते कुठेही लिहिणार नाही. पाहिले ते फक्त तुम्ही. दोनची खोटी नोंद करून बसलेला माणूस घास टाकून एक वाजून गेल्यावर जिना चढला, आणि त्याने काटा पाहिला असेलच, कारण स्फोट झाला तेव्हा तो जिन्याच्या वरच्या टोकाशी होता. त्या विद्यार्थिनीला मी जे वाक्य ऐकवले, ते खोट्या माणसाचे होते की त्या जिन्यावरच्या माणसाचे, हे मला ठरवता येत नाही. ठरल्याशिवाय तिला पत्र लिहिता येत नाही. तुम्हाला लिहिलेले हे पत्र थर्मामीटरच्या पेटीत राहील.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या अर्जावर आक्षेपाचे कारण लिहायचा रकाना होता. त्यात मी लिहिले, ‘दृश्य अस्पष्ट.’ दृश्य इतके स्पष्ट होते, की सातच्या आकड्याखालची रेघ मोजता आली असती. तुम्ही न बघता लिहिलेत, आबा. मी बघून खोटे लिहिले.

तुम्ही वर पोहोचलात तेव्हा काटा कितीवर होता? अंदाज नको. एक डिग्री वजा करायची असेल, तर ती मी करेन. आकडा आणि वेळ, दोन्ही लेखी कळवा.