लाल दोऱ्याची बाजू

सोमवार, ता. ४

जागा मिळाली एकदाची! खोली नव्हे, नुसती खाट, आणि तीही अर्धा दिवस. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत खाट माझी, नंतर रात्रभर दुसऱ्या एका बाईची. माझी नोकरी रात्रपाळीची, तिची दिवसाची, त्यामुळे दोघींची गाठ पडायचा प्रश्नच नाही. घरमालकीण काकू मला ‘दिवसवाली’ म्हणतात आणि तिला ‘रात्रवाली’. नावं विचारायच्या भानगडीत त्या पडत नाहीत.

खोली लहान पण लख्ख आहे. खिडकीला जाड पडदा, भिंतीला दोन खुंट्या, दोन फळ्या. माझ्या फळीवर मी लेकीचा, ढब्बूचा फोटो ठेवला. रात्रवालीच्या फळीवर एक कंगवा आहे, बाकी काही नाही. बाई भलतीच टापटिपीची दिसते.

काकूंचा एकच नियम आहे. उठल्यावर गादी उलटायची. गादीच्या एका बाजूला कोपऱ्यात निळा दोरा शिवलाय, ती माझी बाजू. दुसऱ्या बाजूला लाल, ती तिची. जिने तिने आपल्याच बाजूवर झोपायचं. मी विचारलं, असं का? काकू म्हणाल्या, एकीची झोप दुसरीला लागू नये म्हणून. गॅस बंद करायला सांगावा तसं सांगितलं त्यांनी. उष्टं अन्न ऐकलं होतं, उष्टी झोप पहिल्यांदाच ऐकली.

ही रोजनिशी डॉक्टरांच्या आग्रहाने. कधी झोपलात, कधी उठलात, काय खाल्लं, किती चाललात, सगळं लिहा म्हणाले. लिहीन बापडी. झोप सुधारली, सवयी मार्गी लागल्या, की ढब्बू परत माझ्याजवळ येणार. तोवर ती ताईकडे आहे. वर्षभर माझ्या डोळ्याला डोळा नव्हता, शेवटी शेवटी मी पोरीला शाळेतून आणायलाच विसरायला लागले, तेव्हा ताई तिला घेऊन गेली. रागावली नाही. बरी हो आणि ने, एवढंच म्हणाली.

मंगळवार, ता. ५

काम आवडलं. रुग्णालयांच्या चादरी धुणारा कारखाना आहे. चादरी धुऊन, वाळून, गरम रुळातून कडक होऊन बाहेर येतात आणि दोघी दोघींनी त्यांच्या घड्या घालायच्या. माझ्यासमोर मावशी असते. माझी मावशी नव्हे, अख्ख्या कारखान्याची. चार कोपरे धरायचे, ताणायचं, मग एकमेकींकडे चालत जायचं, तिने माझे कोपरे घ्यायचे, मी खाली वाकून घडी उचलायची. नाचच आहे म्हणा ना. मावशी म्हणाली, चार दिवसांत हात बसेल.

रात्रभर परक्यांच्या झोपेच्या घड्या घालायच्या आणि घरी येऊन स्वतःच्या झोपेचं खोबरं. सकाळी पडले ते टक्क जागी. नवीन जागा आहे, होईल सवय.

शुक्रवार, ता. ८

सवय होत नाहीये. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं. चहा बंद केला. कोमट पाण्यात पाय बुडवले. फोन दूर ठेवला. श्वास मोजले. या कुशीवरून त्या कुशीवर, परत या कुशीवर. पडद्याच्या फटीतून उन्हाची रेघ येते आणि भिंतीवरून सरकत जाते, ती तेवढी बघते.

संध्याकाळी ढब्बूशी बोलले. ती विचारत होती, तुझं डोकं अजून दुखतं का, माझं ऐकते आहेस ना. मी ऐकत नव्हते. मी तिच्यावर खेकसले. मग ती गप्प झाली. मोठी माणसं होतात तशी समजूतदार गप्प. सात वर्षांच्या पोरीने असं गप्प होऊ नये.

मंगळवार, ता. १२

आज एक गंमत केली. चोरी म्हणा.

सकाळी आले तेव्हा पायांत जीव नव्हता. रात्रवाली शिस्तीची, निळा दोरा वर काढून ठेवलेला. त्या बाजूकडे बघूनच मला रडू आलं. माझी अख्खी बाजू जागरणाने भरलीय असं वाटलं. म्हटलं, हिला रोज झोप लागत असणार, नाहीतर इतकी टापटीप कोणाला जमते? गादी उलटली आणि लाल बाजूवर आडवी झाले.

ढाराढूर झोपले. वर्षभरात पहिल्यांदा. उठले तर सहा वाजायला आले होते, गालावर चादरीचे वळ होते, अंग हलकं झालं होतं. मी खाटेवर बसून मनापासून हसले. गादी आधीच लाल बाजूवर होती, तशीच ठेवली. तिला कळणारही नाही.

गुरुवार, ता. १४

रोज लाल बाजू. रोज झोप. भूकसुद्धा लागते आता.

संध्याकाळी ताईला फोन केला तर ती म्हणाली, दुपारीच तर बोललो आपण, आता काय विसरलीस? म्हणाली, किती दिवसांनी तुझा आवाज असा मोकळा ऐकला. म्हणे मी ढब्बूला गोष्ट सांगितली, लांबलचक, आणि ती पोट धरून हसत होती.

दुपारी मी झोपले होते.

फोनमध्ये बघितलं. कॉल आहे. दुपारचा, चांगला लांब. झोपेत बोलले असेन. माणसं झोपेत चालतातसुद्धा. पण गोष्ट? मला एकही गोष्ट शेवटपर्यंत सांगता येत नाही. ढब्बू त्यावरून मला चिडवते.

रविवार, ता. १७

घाबरून पुन्हा निळ्या बाजूवर आले. झोप नाही. परवा नाही, काल नाही. पहाटे रुळाजवळ झापड आली आणि मनगट भाजलं. मावशीने मला मागे ओढलं. म्हणाली, घरी जाऊन झोप बाई, नाहीतर हे यंत्र तुझा हात घेईल एक दिवस.

फक्त आजच्यापुरती लाल बाजू. हात गेला तर ढब्बूचं काय करू?

बुधवार, ता. २०

रविवारी सकाळी झोपले. आज बुधवार आहे.

धावत कारखान्यात गेले, खाडा झाला, काढून टाकतील म्हणून. खाडा झालाच नव्हता. मावशी म्हणाली, रोज येतेस की. काल तर सगळ्यांच्या पुढे होतीस. फक्त डावरी कधीपासून झालीस? कोपरे उलट्या हाताने धरतेस, मला माझी बाजू बदलावी लागली.

आज मी उजव्या हाताने धरले. दोघींचे हात एकमेकींवर आपटले. मावशी वैतागली.

आरशात बघितलं. भांग दुसऱ्या बाजूला पाडलाय. केस नीट विंचरलेले.

गुरुवार, ता. २१

काकूंना म्हटलं, मला रात्रवालीला भेटायचंय. त्या म्हणाल्या, ती गेली की सोडून, मागच्या आठवड्यातच. किल्ली देऊन गेली. मला झोप पुरली म्हणाली, आता दुसरीकडे सोय झालीय.

मी विचारलं, दुसरीकडे म्हणजे कुठे? काकूंनी मला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाल्या, तू गादी उलटत होतीस ना नीट?

हो म्हटलं. खोटं बोलले. त्यांनी ओळखलं. भांडी घासायला आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत.

फळीवरचा कंगवा नाहीये. माझ्या पर्समध्ये सापडला.

शनिवार, ता. २३

जमिनीवर झोपून बघितलं. बाकावर. झोप नाही. आता दुसरीकडे कुठेच लागत नाही.

डॉक्टरांकडे गेले, सगळं सांगायला. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. इतके खूश होते. म्हणाले, सोमवारी आला होतात तेव्हाच मी तुमच्या ताईंना कळवलं, आता मुलीला पाठवायला हरकत नाही. मी म्हटलं, सोमवारी आले ती मी नव्हते. त्यांचा चेहरा बदलला. पेन उचललं.

मी हसले. म्हटलं, थट्टा केली.

काय करणार होते? खरं बोलले असते तर ढब्बू कधीच आली नसती.

वार माहीत नाही

शेवटी लाल बाजूवरच पडले होते. काकूंनी गादी उन्हात टाकायला उलटली म्हणून जाग आली. निळा दोरा वर आला की मी येते. तेवढाच वेळ.

खुंटीवर छोटा फ्रॉक आहे. दाराशी छोट्या चपला. खिडकीत शाळेचं दप्तर. डबा घासून पालथा घातलाय. पडदा काढून टाकलाय, खोलीत लख्ख ऊन.

ढब्बू आली आहे. आणि मी तिला आणायला गेले नव्हते.

पेन बोटांत नीट बसत नाही. ही वही रात्रवालीने बघितली असणार. फाडली नाही. तिला काय फरक प—

नंतर

आज ढब्बूने उलटली गादी. खेळताना. मी डोळे उघडले तर समोर ती. उंच झालीय. पुढचा दात आलाय. तो पडला कधी?

जवळ घेतलं. घट्ट. ती अवघडली. म्हणाली, सोड ना, दुखतंय.

सांगितलं तिला, मी आई आहे. मीच. दुसरी नाही. आवाज चढला माझा. ती भिंतीला जाऊन टेकली. तशीच गप्प झाली. तेव्हासारखी.

मग हळूच म्हणाली, “आई, तू परत तशी झालीस.”

मी म्हटलं, कशी? विचारलं, रोज गोष्ट कोण सांगतं? तू. शाळेतून कोण आणतं? तूच की. कधी विसरते? नाही. ओरडते? नाही.

मी पळून जाईन हिला घेऊन. कुठे? न झोपता किती दिवस? परत रस्ता चुकेन, परत खेकसेन, परत ताई येऊन—

ढब्बू खाटेपाशी गेलीय. कोपरा धरलाय. चिमुकले हात, गादी उचलत नाहीये. डाव्या हाताने ओढते. रात्रवालीने शिकवलं असणार.

म्हणते, “झोप ना थोडी. उठलीस की तू बरी होतेस.”

तिला एकटीला जमत नाही. घडी घालायला समोर कोणीतरी लागतं. मी दुसरा कोपरा धरला. ती हसली. माझ्याकडे बघून हसली, मीच असताना, एवढं तरी—

लाल दोरा वर आहे. ती उशी थोपटतेय. मी पडून लिहितेय. ढब्बू, बाळा, तुझा दात मी बघि