तिथून इथवर सहा तास

भावजी,

कामावर तुमचा फोन बंद असतो, म्हणून चिठ्ठी ठेवते. आपल्या घड्याळात एक वाजता तुमचे दादा तिकडच्या विमानतळावर कोसळले, विमानात चढलेच नाहीत. दवाखान्यात नेलंय, एवढंच सांगतात. मी पाचच्या विमानाने निघतेय. आईंना इतक्यात काही बोलू नका, त्यांची गोळी आठला द्या.

तुम्हाला म्हणून सांगते. दीडला हे घरात आले होते. मी मशीनवर बाही जोडत होते. "आई जेवली का?" असं मागून विचारलं. मी मान वर न करताच "हो" म्हटलं. "बरं," म्हणाले. तिथून इथे यायला विमानाला सहा तास लागतात, हे फोन आल्यावर डोक्यात शिरलं.

एकदा मागे वळून बघायला हवं होतं, भावजी.