आणीबाणीच्या वहीतली पहिली सही

प्रिय मामा,

आई सांगते, तू जेवतोस पण बोलत नाहीस. फोनही उचलत नाहीस, म्हणून हे तिच्या हाती देतेय. आधीची तीन पत्रं फाडली. पहिल्यात तर नुसती तुझ्या गुडघ्याची चौकशी होती.

मला लिहायला आईनं शिकवलं आणि मोजायला तू. गच्चीवर मला पळवायचास, घड्याळ माझ्याच हातात द्यायचास आणि वेळही मलाच लिहायला लावायचास. एकदा मी दोन सेकंद कमी लिहिले. तू रागावला नाहीस. "पाय तुझे, घड्याळ तुझं, मग फसवलंस कुणाला?" एवढंच म्हणालास. तेव्हापासून मी लावलेलं कुलूपही दोनदा ओढून बघते आणि तू मला शंकासूर म्हणतोस.

विद्यापीठात तू प्रशिक्षक झालास, मी तुझ्याच विभागात नोंदी ठेवू लागले. त्या दुपारीही वेळ मीच लावत होते. तुझी आठशे मीटरवाली, जी तुला "सर, तुमच्या शिट्टीला कधी दम लागतो का?" असं विचारायची, ती म्हणाली, डोकं हलकं वाटतंय. तू म्हणालास, एवढी एक फेरी. मी उन्हाचा पारा पाहिला होता, तरी गप्प बसले. ती वळणावर कोसळली. तू तिला सावलीत नेलंस, अंगावर पाणी ओतत राहिलास. रुग्णवाहिका सात मिनिटांत आली आणि मागच्या फाटकाबाहेर अकरा मिनिटं उभी राहिली. किल्ली माळ्याकडे असते, हे आपल्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, उष्माघातात अकरा मिनिटं फार होतात.

आता विद्यापीठ म्हणतं, आणीबाणीचा सराव दरवर्षी होतो, फाटक, किल्ली, सगळं दाखवतात, वहीत सह्या आहेत. म्हणजे चूक एकट्या प्रशिक्षकाची. आणि तू मान खाली घालून हो म्हणतोयस. काल कुलसचिवांनी मला बोलावून चहा पाजला. म्हणाले, "सही तुमचीच आहे, एवढंच सांगा. मामांचं आम्ही बघून घेऊ."

येताना मैदानावरून आले. मुली पळत होत्या. फाटकाला तेच कुलूप होतं.

मामा, सही माझीच आहे. सराव झालाच नव्हता. वही घेऊन खोल्याखोल्यांतून मीच फिरले. कारकून म्हणाले होते, "बाई, पहिली सही तुमची करा, मग कुणी वाचत बसणार नाही." मी केली. तुझ्यापाशी आले तेव्हा तू शिट्टीची दोरी बांधत होतास. वर न बघताच म्हणालास, "शंकासुरानं केलीय ना? मग वाचायचं काय त्यात." आणि माझ्या सहीखाली सही केलीस.

उद्या सकाळी दहाला चौकशी समितीपुढे मी हे सगळं सांगणार आहे. सही, पारा, कुलसचिवांचा चहा आणि तुझी ती एक फेरीसुद्धा. तुला सोडवायला जात नाहीये. पण त्यांच्या वाट्याचं ओझं तू उचलून घरी आणलंयस, ते त्यांना परत द्यायचंय. त्या मुलीची आई समोर बसलेली असेल. तूही ये. मात्र हे पत्र शेवटपर्यंत वाचून ये. खाली माझं नाव आहे म्हणून वाचल्यावाचून मान डोलावू नकोस.

तुझीच,
शंकासूर