मावशीची खालची पट्टी

१७ नोव्हेंबर, सोमवार. उदगीर.

मावशी गेल्यानंतरची पहिली सोमवारची आरती आज झाली. म्हणजे मोडता मोडता झाली. पेटी दुकान बंद करून उशिरा आलेल्या तिच्या मुलाने, बसूने, धरली. गळा गोड आहे त्याचा, पण सूर त्याने स्वतःच्या गळ्याला सोसेल असा धरला. दुसऱ्याच ओळीला मावशीचे यजमान, काका, गप्प झाले, मग पोरंही. बसू एकटाच गात राहिला. शेवटी पेटी मिटून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता. आई होती तवर चाललं."

काका मान खाली घालून बसले होते.

तेव्हा बसूची बायको रेखा सासूची आठवण काढत म्हणाली, "आवो, आत्याबाई खालून धरायच्या. वर गेलं की मामंजीला जमत न्हाई."

काका हसले. "माझा गळा रेड्याचा. पण तिनं कधी गप बसा म्हटलं न्हाई."

मला एकदम आठवलं. एकदा मावशी एकटीच तूर निवडत गात होती. काय उंच गेला होता आवाज! मला पाहिलं आणि थांबली. तो आवाज आरतीत कधीच का नव्हता? वयानं बसला असेल, असं मी धरून चाललो होतो. एवढा गळा असून जन्मभर खालची पट्टी. घरातलं कुणी मागं राहू नये म्हणून. याहून मोठी भक्ती कोणती?

बसूने पुन्हा खालून धरलं. त्याला ते जड जात होतं. काका मात्र डोळे मिटून, बेसूर, शेवटपर्यंत म्हणत राहिले.

कापूर विझल्यावर ते बसूला म्हणाले, "पुढल्या सोमवारी दुकान जरा लौकर बंद कर."